भुवईवरची शिवण

दोन फेऱ्यांच्या मध्ये एक मिनिट असतं.
दहा सेकंद तू स्टुलावर टेकेपर्यंत जातात,
पंधरा तुझा कोच ओरडण्यात घालवतो.
उरलेले माझे.

बर्फातला लोखंडी ठोकळा, व्हॅसलीन,
कानामागे खोचलेली कापसाची काडी.
हलू नकोस, दोब्रोमिर.
डावी भुवई परत उसवली आहे,
ग्दान्स्कला उसवली होती तिथंच,
जुन्या टाक्याला लागून.

माझी आई इथंच, वूत्शच्या गिरणीत,
तुटलेले धागे जोडायची.
गिरणीत आता बुटांची दुकानं आहेत.
बोटं तिचीच आली माझ्याकडे.

सदतीस वर्षं. एकोणतीस लढती.
सकाळी पोरांना पडायचं कसं ते शिकवतोस,
दुपारी टायर बदलतोस.
काल वजनकाट्यावर
तुझ्या फासळ्या मोजता आल्या असत्या.
मी टॉवेल धरून उभा होतो.

"कितवी फेरी?"
दुसरी, रे.
कापूस फिरवतो तोवर पुन्हा,
त्याच आवाजात, "कितवी फेरी?"

डॉक्टरीणबाई जाळीशी येऊन वाकल्या आहेत.
त्यांना दिसतोय फक्त माझा अंगठा.
दाबून धरला तर तू लढशील.
बारा वर्षं दाबूनच धरलाय,
त्याचेच पैसे मिळतात मला.

भोंगा व्हायला आठ सेकंद.
अंगठा उचलतो.
या बाई, म्हणतो, नीट बघा.

रक्त उतरतं पापणीवर, ओठावर.
तू माझ्याकडे बघतोस
एका डोळ्यानं.