साडेनऊची पाटी

तीन आठवडे झाले
स्टेशन रोडच्या माझ्या शेडमध्ये भिंतीला टेकून उभा आहे
सहा बाय तीनचा पत्रा.
प्रायमर वाळला, पांढऱ्याचे दोन हात मारून झाले.
शांतवन होसमनी, वय एकाहत्तर,
खानापुरातला ब्रशने लिहिणारा शेवटचा माणूस,
नावाची वाट बघतोय.

नाव ठरेना.

मेथडिस्टांची उरली अकरा घरं,
उत्तर भारत मंडळीची नऊ,
त्यातली तीन वर्गणीच्या वहीत आणि नाताळात दिसणारी.
पाळक एकच परवडतो, तोही बेळगावहून मोटारसायकलवर.
म्हणून उपासना एकत्र. इथवर सगळे आमेन.
मग एस्तेरबाई मादर उठल्या, म्हणाल्या,
पाटीवर आधी कुणाचं नाव?
आणि चहा गार झाला.

वर कानडी की वर मराठी, हे तर कुणी काढलंच नाही.
काढायची गरज नसते या गावात.
एका साली मी एकच पाटी चारदा लिहिली,
दोनदा रात्रीची, एकदा पोलिसांसमोर.

जुन्या पाट्या खरवडायला माझ्याकडेच येतात.
पॉलिश पेपर फिरवला की
निळ्या नावाखालून हिरवं निघतं,
हिरव्यात मिशनचं नाव, आणि समुद्रापलीकडच्या एका गावाचं
ज्यानं मलप्रभेचं पाणी कधी पाहिलं नाही.
त्याखाली माझ्या बापाचा हात,
'र' चा पाय तो असा लांब ओढायचा,
चिखलातून काढल्यासारखा.
त्याखाली गंज.
गंजाला पंथ नसतो, असं म्हणणार होतो मिटिंगमध्ये,
पण फारच प्रवचनासारखं वाटलं.
गप्प बसलो.

आणि मला तरी सगळं एक कुठं हवंय?
पियेदाद कॅथलिक होती, कोंकणी बोलणारी.
मी चिमुकल्या काचेच्या पेल्यातून द्राक्षरस पितो म्हणून
तिची आई दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही.
गुडघे टेकून ती माळ ओढायची,
मणी वाजायचे अंधारात, भात निवडल्यासारखे.
आमच्याकडे गुडघे कमी, आवाज जास्त.
एकाच बाकावर वाढलो असतो
तर इतकं बघितलं असतं का मी तिच्याकडे?

ती आता दफनभूमीच्या भिंतीपलीकडे.
माझी जागा अलीकडे, पावती फाडून ठेवलेली.
भिंत छातीएवढी.
रविवारी तिच्यावर चहाचा कप ठेवता येतो, एवढी रुंद.

नातू रूबेन बेंगळूरला जातो त्या चर्चला नावच नाही म्हणे,
म्हणजे आहे, पण कुठल्या मंडळीचं ते नाही.
हॉल भाड्याचा, कॉफी फुकट,
पाटी विजेची, दर मिनिटाला बदलणारी.
पंथ कोण विचारतंय आता, आजोबा?
मी विचारलं, चुकीचं लिहिलं तर खरवडता कसं?
तो हसला. मग थोडा वेळ
फोनकडे न बघता गप्प राहिला.

काल रात्री ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला.
हात थरथरतो, पण रेघ ओढताना थांबतो,
हे एक त्यानं राखलंय माझ्यासाठी.
लिहिलं: रविवार. सकाळी साडेनऊ.
मराठीत, आणि शेजारी, त्याच उंचीवर, कानडीत.
वरखाली केलंच नाही.
वर वीतभर जागा कोरी ठेवली,
ठरलं तर ठरलं.

सकाळी शिडीवर होतो, तोंडात खिळे.
खालून एस्तेरबाई,
"काय करूलालास शांतवन?"
चष्मा वर करून त्यांनी वाचलं.
कोऱ्या जागेकडे पण वाचल्यासारखंच बघितलं.
मला वाटलं, आता भांडण.

"साडेनऊ म्हणजे तुमचं साडेनऊ," त्या म्हणाल्या,
"की आमचं?"

नऊ सत्तावीस झाले होते.
सतरंजी अजून यायची होती.