चौथा नंबर

भिंतीतली बाई रोज साडेसातला सांगते,
आंघोळीचं पाणी तापलं.
न अडखळता कळलेलं
माझं पहिलं जपानी वाक्य हे. भिंतीकडून शिकलेलं.

मग मिचियोबाई एप्रनला हात पुसत म्हणतात,
तुम्ही आधी.
पाहुण्याने आधी, असा रिवाज आहे.
टब एकदाच भरायचा.
बाहेर बुटक्या स्टुलावर बसून अंग घासायचं, फेस धुवायचा,
स्वच्छ होऊन मग पाण्यात उतरायचं,
गळ्यापर्यंत नुसतं बसायचं,
आणि उठताना पाणी तसंच ठेवायचं
मागच्या माणसासाठी.

पहिल्या दिवशी मी बूच उपसलं.
काही हरकत नाही, म्हणाले सगळे,
एकेक करून, चारदा,
तेव्हा कळलं, हरकत आहे.

संडासातल्या चपला घालून स्वयंपाकघरात गेले दोनदा.
कोणीच पाहिलं नाही,
म्हणजे सगळ्यांनी पाहिलं.

दुधाचा खोका धुवायचा, कापायचा,
उलगडून वाळत घालायचा, दुसऱ्या मंगळवारी द्यायचा.
बाटली वेगळी, झाकण वेगळं,
बाटलीच्या पोटावरचा कागदसुद्धा वेगळा.
चार महिन्यांत या घरात
मी एकही गोष्ट सहज फेकलेली नाही.

माझं नाव वृषाली. इथे त्याचं बुरिशारी होतं.
बुरी म्हणजे या किनाऱ्याचा हिवाळ्यातला मासा,
हातभर लांब, हिमी गावाचा मानाचा.
कानाता, वय अकरा, हसता हसता ताटलीवर आपटला.
त्यात मी मासे खात नाही म्हटल्यावर
आजोबाही हसले, कवळी काढून ठेवलेली असताना.
आमच्याकडे याहून जवळचा शब्द बुरशी आहे,
हे मी सांगितलं नाही.

आई फोनवर विचारते, जेवायला काय असतं?
भात, म्हणते मी.
तेवढ्यावर ती निवांत होते.

डिसेंबरात एका संध्याकाळी
ढग असे गडगडले की काचा थरथरल्या.
मी टेबलाला धरलं.
आजोबा मात्र खिडकीशी, लहान पोरासारखे,
बुरी-ओकोशी, बुरी-ओकोशी!
हा बुरीला झोपेतून उठवणारा गडगडाट म्हणे,
आता जाळी भरणार.
शिगेकींचा फोन वाजायला लागला,
पहाटे तीनला लिलावाच्या धक्क्यावर जायचं,
डबा, रबरी बूट, मोजे कुठे आहेत,
आणि त्या धांदलीत भिंतीतली बाई बोलली, पाणी तापलं.

मिचियोबाई मागे न वळता म्हणाल्या,
आधी आजोबा, मग हे, मग कानाता,
बुरी-चान, चौथी.

त्या भाषेत तू सहसा म्हणतच नाहीत.
क्रियापदाची शेपटी तेवढी आखूड होते,
नावामागचा सान गळतो.
मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले
खांद्यावर टॉवेल टाकून,
रांगेत नंबर लागल्याचा एवढा आनंद
मला रेशनच्या दुकानातही झाला नव्हता.

पाणी दोन बोटं उतरलेलं.
एक आखूड पांढरा केस तरंगत होता, आजोबांचा.
तळाशी कानाताचा प्लास्टिकचा शार्क
माझ्या टाचेला टोचला.
मी बसून राहिले.
बाहेर बर्फ सुरू झाला असावा, आवाज सगळे बुजले होते,
फक्त मिचियोबाईंच्या भांड्यांचा चालू.

आमच्या घरी आई सगळ्यांच्या आधी आंघोळ करते.
सोलरच्या नळाला पहिलं पाणी गारच येतं,
ते तिच्या वाट्याचं.
ही सगळ्यांच्या शेवटी.
हिशेब केला तर दोघींचं पाणी सारखंच.

उठले, केस उचलला, शार्क कठड्यावर ठेवला,
झाकणाची गुंडाळी टबावर पसरली,
आणि भिंतीवरचं ते लाल बटण,
ज्याला मी आजवर हात लावला नव्हता, दाबलं.

भिंतीतली बाई काहीतरी म्हणाली.
नवीन वाक्य होतं.
मला कळलं नाही.
टबाच्या पोटात कुठेतरी
पाणी पुन्हा गुरगुरायला लागलं.