कपाटामागची खिडकी

घाटंजीच्या तहसीलीत मोजमापवाले आले,
म्हणाले, भर दुपारी नऊ ट्यूबा कशाला?
कोडापे शिपाई म्हणाला,
अंधार हाये ना बाप्पा.

मग कपाट हललं.
ब्याऐंशी सालचे फेरफार,
अर्धे वाळवीनं निकाली काढलेले,
आणि मागे खिडकी. सागवानी.
गजांत चिमणीच्या काड्या.

स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारले.
पश्चिमेला निंब लावला, गुडघ्याएवढा,
त्याची सावली येईल तेव्हा येईल.
तोवर मे, शेहेचाळीस,
वाळ्याची ताटी,
आणि तासातासाला तिच्यावर पाणी मारणारा कोडापे,
जो कूलरपेक्षा कमी कुरकुरतो.

ट्यूबा बंद.
बाबू अर्ज उजेडाकडे धरतो
आणि थांबतो:
सुगंधाबाई आत्रामचा अंगठा
काळा नाही,
जांभळा आहे.