लुब्लियाना, व्हाया उद्यमबाग

गेल्या मे महिन्यात कंपनीनं मला युरोपात धाडलं
ते काही मी शहाणा म्हणून नव्हे.
आमच्या भट्टीच्या तीनशे चाळीस कास्टिंगांत
छिद्रं निघाली होती,
आणि चूक कुणाची हे कुणीतरी जाऊन
ऐकून घ्यायचं होतं.

अनगोळ नाक्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न:
स्वित्झर्लंड काय ओ?
नाही, स्लोव्हेनिया.
हां हां, स्लोव्हाकिया.
नाही ओ.
असू दे की, बर्फ असतंय न्हवं तिथं?
कुमुदिनीनं बॅगेत दीड किलो कुंदा भरला,
मेतकूट, आणि एक माकडटोपी.
तिथं बत्तीस डिग्री होतं.

त्सेलयेत दोन दिवस मान खाली घालून उभा राहिलो.
मालक भला माणूस. छिद्रावर बोट ठेवून
एवढंच म्हणाला, वाळू ओली होती.
कुंद्याचे दोन तुकडे खाल्ले त्यानं,
तिसरा कागदात गुंडाळून खिशात टाकला.

वाळू ओली का राहिली
ते मी त्याला सांगितलं नाही.

तिकिटाला पाच दिवस बाकी होते. मग फिरलो.
ओतकाम करणारा माणूस शहर खालून बघतो.
लोक मनोऱ्यांचे फोटो काढत होते,
मी गटाराची झाकणं बघत होतो.
मारिबोरची घासून गुळगुळीत, अक्षरं गेलेली.
प्तुयमध्ये एका झाकणाचा सांधा
चांगला बोटभर सरकलेला,
म्हणजे तिथंही कुणीतरी सोमवारी सकाळी
डोळे चोळत साचा मिटला होता.
तिथंच पायरीवर बसलो जरा. बरं वाटलं.

लुब्लियानात एकाच जागी तीन पूल,
खेटून, एकाच पलीकडं जाणारे.
एकानं भागलं असतं.
तिन्हीवरून गेलो, तिन्हीवरून आलो,
ओळखीचं कोण होतं तिथं बघायला!

पिरानला समुद्र. तिथं पाट्यांवर दोन भाषा,
एकीखाली एक.
मी जवळ जाऊन नखानं खरवडलं,
डांबराचा डाग कुठं राहिलाय का.
नव्हता.

रात्री खानावळीतल्या बाईंनी सांगितलं,
आमच्यात एक असतो, अनेक असतात,
आणि दोघं असले तर त्यांचं क्रियापदच वेगळं.
एकट्याचं जाणं निराळं, घोळक्याचं निराळं,
दोघांचं फक्त दोघांचं.
मला करमरकर मास्तर आठवले, रामः रामौ रामाः,
मधल्यावर अडखळलो की छडी.
मास्तर, हे मधलं लागतं कशाला?
लागेल, म्हणाले होते.

सव्वीस वर्षं लॅडलच्या एका टोकाला मी,
दुसऱ्या टोकाला इराप्पा होसमनी.
तो ओंद, एर्ड मोजतो,
मी हळू, हळू म्हणतो,
मध्ये चौदाशे डिग्रीचं लोखंड, आणि ते सांडत नाही.
फक्त त्या आठवड्यात, गावात पाट्या फुटल्या तेव्हा,
मी एक बोललो, त्यानं एक ऐकवलं,
आणि चार दिवस
वाळू बघितलीस काय, हे कुणी कुणाला विचारलं नाही.
लॅडल तेव्हाही दोघांनीच उचललं. मुकाट.

परत आलो तो दुसऱ्या पाळीला.
इराप्पा शेडच्या दारात विडी विझवत होता.
काय बघितलास मर्दा तिकडं?
झाकणं.
झाकणं? विमानानं जाऊन?
मला ते क्रियापद सांगायचं होतं,
पण ते बाईंच्या तोंडी राहिलं, माझ्या जिभेवर येईना.

माकडटोपी त्याला दिली. उन्हाळ्यात.
त्यानं ती खिशात कोंबली,
वाकून ढिगातली मूठभर वाळू घेतली, आवळली,
मोडली, आणि अर्धा तुकडा
माझ्यापुढं धरला.

हसी ऐति, मी म्हणालो.
ओलीच हाय, तो म्हणाला.
मग खोरं एकच होतं,
ते त्यानं घेतलं, मी हातांनी,
वाळू उन्हात पसरत गेलो.