टाका धरायला

खोक्यात होते तीन वर्षं.
लक्ष्मी रोडवरून घेतलेले, काळे, चकचकीत.
पॉलिश लागतच नाही साहेब, दुकानदार म्हणाला होता
आणि मी तो गुण समजलो.
आत कागदाचा बोळा, ओल शोषणारी पुडी.
दोनदाच घातले. जपले.

भाचीचा साखरपुडा, एरंडवण्यात, साडेअकराला.
लकडी पुलाच्या मध्यावर
डाव्या टाचेखाली काहीतरी मऊ झालं.
आधी वाटलं, शेण.
मागे वळून पाहिलं तर पुलाच्या सुरुवातीपासून
नानकटाईचा चुरा पडत आलेला.
काळ्या नानकटाईचा.
खंडोजीबाबा चौकापर्यंत उजवाही गेला.

आगवण्यांची पेटी बसथांब्याच्या पाठीला.
बूट उलटा करून त्यांनी अंगठा दाबला,
अंगठा आत गेला.
"घालत नव्हता ना?"
"जपून ठेवले होते."
"मग गेले. ही जात घातली तर थोडी जगते,
ठेवली की मरते."
"शिवून द्या."
"कशाला शिवू?
टाका धरायला मांस लागतं. याच्यात नुसता फेस."
आरी त्यांनी उचललीसुद्धा नाही.

वडील खडकीला, दारूगोळ्याच्या कारखान्यात.
त्यांच्या बुटांत एकही खिळा नव्हता,
ठिणगी पडेल म्हणून.
सगळी शिलाई, मेण लावलेल्या दोऱ्याची.
दारावरचा शिपाई रोज तळवे तपासायचा
आणि वडील एकेक पाय मागे उचलून दाखवायचे,
नाल मारायला उभ्या केलेल्या घोड्यासारखे.
सतरा वर्षं. तळ चार वेळा बदलला.
अंगठ्याजवळ ते इतके पातळ झाले शेवटी
की रस्ता तापलाय की नाही
हे त्यांना बुटातून कळायचं.

त्याला झिजणं म्हणतात.
सहाण झिजते, पायरी झिजते,
आणि माणूस कुठे भार देत होता ते उरतं.
वडिलांची टाच बाहेरच्या अंगाने खचलेली,
माझीही तशीच टेकते, बायको म्हणते.
या बुटांना ते कळलंच नाही.
त्यांच्या फॅमिली पेन्शनसाठी, आईच्या,
कचेरीत जोडे झिजवले असं मी सगळ्यांना सांगतो.
खोटं आहे. झिजला एकही नाही.
तीन जोड सुटले.

अकरा वाजून वीस.
आगवण्यांनी पेटीमागचं पोतं ओढलं.
दुरुस्त झालेले, न नेलेले.
एकेकट्या सँडल, शाळेचे, एक नाचाचा बूट,
आणि तळाशी तपकिरी जोड, जाड, माझ्याहून अर्धा नंबर मोठा.
"हे घाला. उद्या आणा."
"कुणाचे?"
"येईल तो."

परक्याच्या बुटांत मी साखरपुड्याला गेलो.
व्याह्यांनी पायांकडे पाहिलं आणि विचारलं,
असे कुठे मिळतात हो आता?
मी म्हटलं, डेक्कनला.
फोटोत मी पहिल्या रांगेत आहे.
बोटं आत मोकळी हलत होती
आणि टाच, दुसऱ्या कुणाच्या तरी खळग्यात,
बरोबर बसली होती. बाहेरच्या अंगाने.

रात्री काढताना दिसलं,
तळव्याच्या कमानीत खडूने काही लिहिलंय.
कमान जमिनीला टेकत नाही म्हणून राहिलं असावं.
बेहेरे. गुरुवार.
कुठला गुरुवार ते नाही.

दुसऱ्या दिवशी रिक्षानेच गेलो, पिशवीत घालून,
पायात बाथरूमच्या सपाता.
आगवण्यांनी जोड हातात घेतला, वाकवला, सोडला,
तो होता तसा झाला.
"राहू द्या तुमच्याकडेच.
आला तर सांगेन, चालतायत म्हणून."
मी पाकीट काढलं तर नको म्हणाले.
मग काहीतरी आठवून:
"शिलाईचे पस्तीस त्याच्याकडून यायचे राहिलेत.
तेवढे द्या."