पूर्वानुभव

अर्जात चौकोन होता : संगीताचा पूर्वानुभव, आहे / नाही.
मी 'नाही'वर खूण केली.
पेन जरा अडखळलं. शाई नीट नव्हती, एवढंच.

मिरजेत, मार्केटच्या मागे, बंद शाळेचा वरचा वर्ग,
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले.
आम्ही अकरा जण, त्यात मुली दोन.
मी मालगावहून, सातच्या एसटीनं.
वाटलेलं गाणं असेल, निदान पेटी तरी.
कोरबू सरांनी पुढ्यात टाकली वीस मीटर काळी वायर.
"आधी ही गुंडाळायला शिका.
कोपराला नाही. कोपराला गुंडाळली की आतली तार पीळ धरते,
आणि पीळ धरलेली तार ऐन कार्यक्रमात दगा देते.
एक वेढा आतून, एक बाहेरून."
चार दिवस तेवढंच.
सावळजचा रितेश म्हणाला, भावाच्या डीजेला सोळा बेस हायत,
वायरीचे असले लाड आम्ही कधी केले न्हाईत.
पाचव्या दिवशी त्याचीच खरखरली.

मग डाग द्यायला शिकलो. राळेचा धूर, बोटाला चटके.
मग शांतता.
माईक चालू, एक मिनिट कुणी बोलायचं नाही.
नंतर हेडफोनात ऐकलं :
पंखा, सोनमच्या बांगड्या,
लांब जंक्शनात सुटं इंजिन,
आणि कुणाचं तरी उपाशी पोट.
खोलीला पण आवाज असतो, सर म्हणाले,
तो आधी घेऊन ठेवायचा, पुढे जोडकामाला लागतो.
त्या रात्री मी आमची खोली ऐकली.
तापलेला पत्रा निवताना वाजत होता.
आण्णांचा श्वास वर चढायचा, अडायचा,
आणि मीच थांबून राहायचे तो उतरेपर्यंत.

एकदा इलाहीचाचा आले, पिशवीत सतारीची घोडी घेऊन.
कानस फिरवली, तार छेडली, मान हलवली.
परत कानस.
पडद्यावर आलेखाचं रान माजलेलं,
सर दाखवत होते, हा सूर उंच, हा ठेंगणा.
चाचा तिकडं बघेचनात.
"जवारी उघडली का, ते हाताला कळतं, पोरांनो.
तुमचं मशीन मागनं येतं, शहाण्या पाव्हण्यागत."
सगळे हसले.
मला आठवलं आमचं अंगण :
पाचटाच्या जाळावर हलगी धरलेले आण्णा,
कातड्याला टिचकी, कान वाकडा,
"अजून वलीच हाय गं, टाक आनि थोडं."
आणि डोळे चोळत पाचट पुरवणारी
सहा वर्षांची मी.
हे कुठल्या चौकोनात बसतं?

शेवटचं काम : घरचा एक आवाज आणा.
रितेशनं जनरेटर आणला. सोनमनं पोळपाट-लाटणं.
मी माईक मागून आणला, एका रविवारापुरता.

आण्णांनी केस विंचरले.
फोटो न्हाई, आवाज घ्यायचाय, असं सांगूनसुद्धा.
पहिल्या ठोक्याला लाल दिवा.
दुसऱ्याला लाल.
"लाल म्हंजी काय?"
"जास्त झालं. आवाज फाटतो."
त्यांनी हलगी मांडीला टेकवली.
तीस वर्षं वरातीच्या पुढं चाललेला माणूस
मला विचारत होता,
"मग हळू वाजवू व्हय?"

"न्हाई," मी म्हटलं. "तुम्ही वाजवा. कमी मी करते."

बटण डावीकडं फिरवलं, आणखी डावीकडं,
माईक मागं नेला, पार चिंचेच्या बुंध्यापाशी,
तेव्हा कुठं ते मावलं.

वाजवून झाल्यावर मी हात वर केला : एक मिनिट, गप.
आण्णा ताठ उभे, राष्ट्रगीताला राहावं तसे.
कुत्रं, उसाचा ट्रॅक्टर, तापलेल्या कातड्याची बारीक कुरकुर.

मग माझ्या आधी तेच वाकले.
वायर उचलली, आणि कासरा गुंडाळावा तशी
कोपराला घालून, भराभर, घट्ट,
गाठ मारून माझ्या हातात दिली.
मी काही बोलले नाही.

सगळे झोपल्यावर दिव्याखाली उलगडली.
एक वेढा आतून,
एक बाहेरून.