धर्मकाटा, देवास नाका

दिवसभर पावत्या फाडते.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, मधला फरक सोयाबीन.
एवढी वजाबाकी मशीनच करतं.

एम.टेक.ला मी पूल शिकले,
कुठली तुळई किती वाकून सावरते ते.
इथला पूल जमिनीलाच टेकलेला,
खालून काही वाहत नाही.

परवा मालकाला म्हटलं,
तिसरा सेल भरल्या ट्रकला चाळीस किलो खोटं बोलतो.
"दीदी, आप पर्ची देखो."

आईला सांगितलंय, साइटवर असते.

काल रात्री केबिनला कुलूप लावण्याआधी
चपला काढून काट्यावर उभी राहिले.
डब्यासकट चौपन्न किलो मी.
लाल आकडे जरा लुकलुकले,
पन्नासवर थांबले.
दहाच्या आतलं
हे यंत्र धरत नाही.